डायलिसिसच्या फेरीला १०८ ची गाडी मागावी का? कोणत्या रुग्णाला कोणती गाडी, समजून घ्या

लकवा झालेल्या माणसाला दवाखान्यातून सुट्टी मिळते. घर चाळीस किलोमीटरवर. माणूस बसू शकतो, बोलू शकतो, पण पायावर उभा राहत नाही. एसटीच्या पायऱ्या चढणं जमत नाही, काळी-पिवळीवाला घ्यायला तयार नसतो आणि खाजगी गाडीवाला जाऊन-येऊनचं भाडं मागतो. मग घरातलं कुणीतरी १०८ ला फोन लावतं. पलीकडून विचारतात, रुग्ण शुद्धीवर आहे का, श्वास नीट चालू आहे का, रक्त जातंय का. सगळं ठीक आहे म्हटल्यावर सांगतात, यासाठी गाडी मिळणार नाही. इथं भांडण सुरू होतं. गाडी तर दवाखान्याच्या आवारात उभीच दिसते, डॉक्टर आत बसलेले दिसतात, मग सोडून यायला काय हरकत आहे?

हाच प्रश्न डायलिसिसवाल्यांचा. हाच मणक्याला मार लागून कायमचे चाकाच्या खुर्चीवर आलेल्यांचा. १०८ वरचे डॉक्टर आणि चालक मधल्या रिकाम्या वेळेत अशा फेऱ्या करतील असं का ठरवत नाहीत, अशी मागणी गावोगाव ऐकू येते. मागणी करणाऱ्यांची गरज खरी आहे. पण उपाय चुकीच्या गाडीवर शोधला जातोय. तो का चुकीचा, आणि मग बरोबर काय, हे जरा सविस्तर बघू.

कोणती गाडी कशासाठी

देशात १०८ ची सेवा पहिल्यांदा सुरू झाली ती २००५ साली हैदराबादेत. महाराष्ट्रात ती २०१४ च्या जानेवारीत आली, तेव्हा ९३७ गाड्या होत्या. त्यातल्या २३३ मोठ्या सोयीच्या, म्हणजे व्हेंटिलेटर, हृदयाचे ठोके दाखवणारा मॉनिटर, बंद पडलेल्या हृदयाला झटका देणारं यंत्र असलेल्या. बाकीच्या ७०४ मध्ये ऑक्सिजन, घशातला कफ ओढायचं यंत्र, स्ट्रेचर, मोडलेल्या हाडाला बांधायच्या पट्ट्या, बाळंतपणाचं साहित्य अशी प्राथमिक सोय. इतर बऱ्याच राज्यांत १०८ वर तंत्रज्ञ असतो, आपल्याकडे डॉक्टर असतो. बीएएमएस, बीएचएमएस अशा पदवीचे हे डॉक्टर असतात आणि त्यांना तातडीच्या उपचाराचं वेगळं प्रशिक्षण दिलेलं असतं. चालकाला तिथं पायलट म्हणतात. फोन लावला की तो पुण्याच्या केंद्रात लागतो आणि तिथून जवळची गाडी कळवली जाते. सेवेला पैसे लागत नाहीत.

१०२ ची गाडी वेगळी. ती गरोदर बाई, बाळंतीण आणि एक वर्षापर्यंतचं आजारी बाळ यांच्यासाठी. २०११ साली सुरू झालेल्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमातून ती मिळते. बाळंतपणाला आणणं, गरज पडली तर मोठ्या दवाखान्यात हलवणं आणि नंतर बाळ-बाळंतिणीला घरी सोडणं, तिन्ही फुकट. या गाडीवर सहसा चालकच असतो, डॉक्टर नसतो. म्हणजे "घरी सोडायची सरकारी गाडी" हा प्रकार आपल्याकडे आहे, फक्त तो बाळंतिणींपुरता आहे. लकव्याच्या म्हाताऱ्यासाठी तशी गाडी नाही. सगळ्या भांडणाचं मूळ या एका गोष्टीत आहे.

आणखी एक गोष्ट फार लोकांना माहीत नसते. आपल्या देशात रुग्णवाहिका कशी बांधायची याचं ठरलेलं मानक आहे, एआयएस १२५ नावाचं. त्यात रुग्णवाहिकांचे चार प्रकार सांगितलेत. पहिला, लगेच पोचून प्रथमोपचार करणाऱ्याची छोटी गाडी. दुसरा, फक्त रुग्ण ने-आण करायची गाडी. तिसरा, प्राथमिक जीवरक्षक. चौथा, मोठ्या सोयीची जीवरक्षक. चाकाच्या खुर्चीवरचा माणूस किंवा डायलिसिसला जाणारा रुग्ण हा दुसऱ्या प्रकारच्या गाडीचा. कागदावर ही गाडी आहेच, तालुक्यात दिसत नाही इतकंच. तालुक्याला जी दिसते ती तिसरी आणि चौथी, म्हणून लोक तीच मागतात.

उभी गाडी म्हणजे रिकामी गाडी नाही

सरकारी हिशोबात साधारण एक लाख लोकांमागे एक प्राथमिक जीवरक्षक गाडी आणि पाच लाखांमागे एक मोठ्या सोयीची गाडी धरतात. शहरात एक गाडी अडकली तर दुसरी दहा-पंधरा मिनिटांवर असते. गावाकडं तसं नाही. एक गाडी बाहेर गेली तर दुसरी शेजारच्या तालुक्यातून यायला लागते, आणि रस्ता कसला असतो ते सांगायची गरज नाही.

नांदेड जिल्ह्यातलं किनवट घ्या. डोंगर, जंगल, पांगलेली वाड्या-तांडे. नांदेड शहर तिथून सव्वाशे-दीडशे किलोमीटर. समजा किनवटकडच्या एका रुग्णाला डायलिसिससाठी १०८ च्या गाडीनं नांदेडला नेलं. जायला साडेतीन-चार तास. डायलिसिस स्वतः साधारण चार तासांचं. यायला परत तेवढेच. म्हणजे गाडी, डॉक्टर आणि पायलट सकाळपासून रात्रीपर्यंत गेले. डायलिसिस आठवड्यातून दोन-तीनदा असतं. एका रुग्णापायी गाडी आठवड्यातले दोन-तीन दिवस तालुक्याबाहेर. गाडी थांबवली नाही, सोडून परत आणली, तर उलट चार वेळा तोच रस्ता तुडवावा लागतो. आणि असा रुग्ण तालुक्यात एकच नसतो.

आता त्याच दिवशी दुपारी एखाद्या तांड्यावर कुणाला मण्यार किंवा नाग चावला. या सापांचं विष श्वासाचे स्नायू लुळे पाडतं. माणूस शुद्धीत असतो, पण छाती हलत नाही. अशा वेळी तोंडावर मास्क लावून फुगा दाबत दाबत श्वास देत नेलं तर तो दवाखान्यापर्यंत जिवंत पोचतो, आणि तिथं सापाच्या विषावरचं औषध सुरू होतं. हे काम मोटारसायकलवर दोघांच्या मधे बसवून होत नाही. फवारणीचं औषध पोटात गेलेला माणूस, अंगावरून जास्त जाणारी बाळंतीण, ट्रॅक्टरखाली सापडलेला मजूर, सगळ्यांचं असंच. यांना गाडी पाहिजे, आणि गाडीत हात चालवणारा माणूस पाहिजे.

म्हणून उभी असलेली १०८ ही कामावरच असते. आग विझवायचा बंब दिवसभर उभा असतो, म्हणून त्यानं कुणी लग्नाला पाणी पोचवत नाही. तसंच हे.

मग डॉक्टरनं वेगळ्या पाळीत ही फेरी करावी का?

यावर काहीजण मधला मार्ग सुचवतात. १०८ ची गाडी हलवू नका, पण डॉक्टरांची पाळी अशी लावा की आठवड्यातले काही दिवस ते ने-आण गाडीवर राहतील. गाडी वेगळी, माणूस तोच. सुचवणाऱ्यांचं म्हणणं दोन प्रकारचं असतं. एक, डायलिसिसहून परतताना रुग्णाचा बीपी उतरतो, चक्कर येते, मग सोबत डॉक्टर असला तर बरं. दोन, ज्या भागात फोन कमी येतात तिथल्या डॉक्टरांना काम कमी असतं.

पहिल्या मुद्द्यात तथ्य आहे, पण अर्धंच. डायलिसिसनंतर चक्कर येते हे खरं. म्हणूनच दवाखान्यातून सोडायच्या आधी बीपी बघतात, आणि रुग्ण ठीक वाटेपर्यंत सोडत नाहीत. एकदा सोडलेला रुग्ण गाडीत आडवा करायला आला, पाय वर घेता आले आणि कधी दवाखान्याकडं वळायचं हे सोबतच्या माणसाला कळलं तर पुरतं. याला पदवी लागत नाही, चार-आठ दिवसांचं नीट शिक्षण लागतं.

दुसरा मुद्दा ऐकायला बरा वाटतो, पण त्यात धोका आहे. पाळीपत्रकात एकदा डॉक्टरचं नाव ने-आण गाडीवर आलं, की १०८ वर एक माणूस कमी झाला. कुणी आजारी पडलं, कुणी रजेवर गेलं, तर पहिली रिकामी राहणार ती १०८ ची पाळी. कारण खुर्चीवरच्या रुग्णाची वेळ ठरलेली असते, तो दारात वाट बघत बसलेला असतो. साप चावणारा माणूस आधी अर्ज देऊन ठेवत नाही. ठरलेलं काम नेहमी न ठरलेल्या कामाला मागं ढकलतं. शेतावर काम केलेल्या कुणालाही हे कळेल. पाण्याची पाळी आली की बांधाची डागडुजी राहते, आणि पावसात बांध फुटतो.

हातही सुटतो. श्वासनळीत नळी घालणं, झटक्यात शीर सापडणं, बुबुळं बघून विषाचा अंदाज घेणं, ही कामं करत राहिलं तरच हातात राहतात. महिन्यातले पंधरा दिवस रुग्णाला खुर्चीतून सीटवर आणि सीटवरून खुर्चीत बसवण्यात गेले, तर त्यात कमीपणा काही नाही, पण ज्या कामासाठी तो डॉक्टर शिकवला ते काम कच्चं राहतं.

उलट बाजूही सांगायला पाहिजे, कारण ती कुणी सांगत नाही. खुर्चीवरच्या माणसाला हलवणं हे हमालीचं काम आहे आणि कुणीही करेल, असं समजणं चूक आहे. लकव्याच्या रुग्णाला काखेत हात घालून ओढलं तर लुळ्या बाजूचा खांदा निसटतो किंवा कायमचा दुखावतो. मणक्याच्या रुग्णाला पायाला गरम-गार लागलेलं कळत नाही, पाय गाडीच्या तापलेल्या पत्र्याला टेकला तरी तो बोलणार नाही. अशा रुग्णाला तालुक्याच्या रस्त्यानं तीन तास एकाच जागी बसवून नेलं तर बुडाला जखम होते, आणि ती भरायला महिने लागतात. म्हणजे या गाडीवरही शिकलेलाच माणूस पाहिजे. फक्त त्याचं शिक्षण वेगळं.

त्यामुळे ठरवायचं झालं तर असं. जो रुग्ण घरी जाताना ऑक्सिजनवर आहे, ज्याच्या गळ्यात श्वासाची नळी आहे, ज्याची शुद्ध कमी-जास्त होते, त्याच्यासोबत डॉक्टर किंवा नर्स पाहिजेच. तो साधा ने-आणचा रुग्ण नव्हे. बाकीच्या खुर्चीवरच्या आणि डायलिसिसच्या रुग्णांसाठी वेगळी गाडी, चालक आणि एक शिकवलेला मदतनीस. १०८ वरच्या डॉक्टरांचा उपयोग करायचाच तर तो या मदतनीसांना शिकवायला करावा. दोन-तीन दिवसांच्या शिबिरात एक डॉक्टर वीस माणसं तयार करील.

बाहेर कसं चालतं

इंग्लंडात तातडीची रुग्णवाहिका वेगळ्या नंबरवर येते आणि ठरलेल्या वेळेला रुग्ण ने-आण करायची सेवा वेगळी चालते. तिच्यावर तातडीचे उपचार करणारा पॅरामेडिक नसतो, उचलणं-बसवणं आणि प्रथमोपचार शिकलेला माणूस असतो. कुणालाही ती मिळत नाही. प्रकृतीमुळे दुसऱ्या कुठल्या गाडीनं जाता येत नाही असं असेल तरच. तिथंही या फेऱ्यांत डायलिसिसवाल्यांचा वाटा मोठा असतो.

अमेरिकेत व्हीलचेअर व्हॅन, साधी रुग्णवाहिका, मोठ्या सोयीची रुग्णवाहिका असे दर्जे आहेत आणि प्रत्येकाचे दर वेगळे. तिथल्या खाजगी कंपन्यांत माणसं कमी पडली की रुग्णवाहिकेवरच्या तंत्रज्ञाला व्हॅनच्या पाळीवर बसवायचे प्रकार होतात, आणि त्यावरून वाद चालतात. म्हणजे हा प्रश्न गरीब देशाचाच आहे असं नाही.

तोवर रुग्णानं काय करायचं

वेगळी गाडी येईल तेव्हा येईल. आज हाताशी काय आहे ते बघा. यातलं बरंच लोकांनी मागितलंच नाही म्हणून मिळत नाही.

एसटीच्या सवलतींच्या यादीत डायलिसिस, सिकलसेल आणि हिमोफिलियाचे रुग्ण आहेत. त्यांना मोफत प्रवास आहे, त्यासाठी दवाखान्याचं प्रमाणपत्र लागतं. ७५ वर्षांच्या पुढच्यांना २०२२ पासून मोफत आणि बायांना २०२३ पासून अर्धं तिकीट आहे. कोणती गाडी, किती अंतर, कोणता कागद, हे आगारात जाऊन विचारून घ्या, कारण नियम प्रत्येक सवलतीला वेगळे. अर्थात ज्याला पायऱ्याच चढता येत नाहीत त्याला मोफत तिकिटाचा उपयोग काय, हा प्रश्न उरतोच. पण डायलिसिसचे बरेच रुग्ण धरून-धरून चढू शकतात, त्यांनी ही सवलत सोडू नये.

रेल्वेत डायलिसिसला जाणाऱ्या मूत्रपिंडाच्या रुग्णाला आणि त्याच्या सोबत्याला दुसऱ्या वर्गात आणि स्लीपरमध्ये ७५ टक्के सवलत मिळते. किनवट, हिमायतनगर, भोकर ही गावं नांदेड-आदिलाबाद रेल्वेमार्गावर आहेत. त्या बाजूच्या रुग्णांना रस्त्यापेक्षा रेल्वे कमी हादऱ्याची पडते. फक्त गाडीची वेळ आणि डायलिसिसची वेळ जुळायला पाहिजे. डायलिसिस विभागात आधीच बोलून पाळी बदलून मागता येते. रेल्वेच्या वेळेचं कारण सांगितलं तर शक्य असेल तिथं समजून घेतात.

महात्मा फुले जनआरोग्य योजनेत उपचार झाला असेल तर पॅकेजमध्येच दवाखान्यातून घरापर्यंतचं एकवेळचं एसटीचं किंवा रेल्वेच्या दुसऱ्या वर्गाचं भाडं धरलेलं असतं. हे पैसे मागणारा रुग्ण शंभरात एखादा भेटेल. सुट्टी होताना दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला विचारा. रक्कम मोठी नसते, पण हक्काची असते.

डायलिसिस नांदेडलाच करायचं असं काही नाही. प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम २०१६ पासून सुरू आहे आणि त्यातून सरकारी दवाखान्यांत यंत्रं बसवली गेलीत. आपल्या घरापासून सर्वांत जवळचं केंद्र कोणतं, तिथं पाळी रिकामी आहे का, याची चौकशी प्राथमिक आरोग्य केंद्रातून किंवा आशाताईंमार्फत करून घ्या. शंभर किलोमीटरचं केंद्र तीस किलोमीटरवर आलं तर गाडीचा अर्धा प्रश्न तिथंच संपतो. खरं तर सरकारनं गाडी देण्याआधी यंत्र जवळ आणावं, हे जास्त शहाणपणाचं.

ज्यांच्याकडं खुर्चीच नाही त्यांनी दिव्यांगाचं यूडीआयडी कार्ड काढून घ्यावं. केंद्राच्या एडिप योजनेतून व्हीलचेअर मोफत मिळते. घडी घालता येईल अशी खुर्ची मागा. न घडणारी जड खुर्ची घरात चांगली, पण जीपमध्ये ठेवायला गेलं की अडचण.

खुर्चीवरचा माणूस गाडीत कसा न्यायचा

सर्रास दिसतं ते असं. छोटा हत्ती आणतात, मागच्या हौद्यात खुर्ची चढवतात, त्यावर माणूस बसलेला आणि दोघं खुर्ची धरून उभे. ब्रेक लागला की खुर्ची, माणूस आणि धरणारे सगळे पुढच्या पत्र्यावर. असं नेऊ नका. ज्या गाडीत खुर्ची चारी बाजूंनी पट्ट्यांनी फरशीला बांधायची सोय नाही, त्या गाडीत माणसाला गाडीच्या सीटवर बसवायचं, पट्टा लावायचा आणि खुर्ची घडी घालून वेगळी ठेवायची. बांधायची सोय असेल तर खुर्चीचं तोंड गाडीच्या तोंडाकडं पाहिजे, आडवं नाही. खुर्ची बांधली म्हणजे माणूस बांधला असं होत नाही, त्याला वेगळा पट्टा.

सीटवर घेताना खुर्ची गाडीला तिरकी लावा आणि चाकांचे ब्रेक लावा. ब्रेक विसरल्यानं जेवढी माणसं पडतात तेवढी कशानं पडत नाहीत. पाय ठेवायच्या फळ्या वर करा. लकव्याच्या रुग्णाची चांगली बाजू गाडीकडं येईल असं बघा, म्हणजे तो स्वतः धरू शकतो. उचलणाऱ्यानं गुडघ्यात वाकून, रुग्णाच्या कमरेला बांधलेल्या रुंद पट्ट्याला किंवा दुमडलेल्या धोतराला धरून फिरवायचं. लुळा हात ओढायचा नाही, तो आधी पोटावर घेऊन ठेवायचा.

डायलिसिसच्या रुग्णाच्या एका हातावर फिस्टुला केलेला असतो. हात लावला तर तिथं घरघर जाणवते. त्या हाताला धरून उठवू नका, त्यावर बीपीचा पट्टा बांधू नका, त्या हातावर डोकं ठेवून झोपू देऊ नका. त्या जागेतून रक्त यायला लागलं तर स्वच्छ कापडानं बोटांनी दाबून धरा आणि हात वर करा. थांबलं नाही तर १०८.

लघवीची पिशवी असेल तर ती कमरेच्या खाली लटकेल अशी ठेवा. मांडीवर ठेवली की लघवी उलटी जाते. लांबचा रस्ता असेल तर बुडाखाली जाड उशी घ्या, दर वीस-पंचवीस मिनिटांनी माणसाला एका बाजूला झुकवून भार बदला. चालकाला आधीच सांगून ठेवा, मग तो मधे थांबायला कुरकुर करत नाही.

१०८ ला केव्हा लगेच फोन करायचा

ने-आणीसाठी १०८ नको, याचा अर्थ डायलिसिसच्या रुग्णानं १०८ ला फोनच करायचा नाही असा नाही. उलट या रुग्णांची तब्येत फार वेगानं बिघडू शकते. एक-दोन पाळ्या चुकल्या आणि दम लागतोय, आडवं झोपता येत नाही, फार अशक्त वाटतंय, छातीत धडधड अनियमित आहे, तर ती तातडीची वेळ आहे. रक्तात पोटॅशियम वाढलं की हृदय अचानक थांबू शकतं. तसंच लकव्याचा जुना रुग्ण असला तरी नव्यानं तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं, दुसरा हात पडला, तर थांबू नका. फोन करताना "डायलिसिसचा रुग्ण आहे, इतक्या पाळ्या चुकल्यात" हे पहिल्या वाक्यात सांगा.

आणि एक स्पष्ट सांगायला पाहिजे. गाडी मिळावी म्हणून काहीजण फोनवर खोटं सांगतात, दम लागलाय, बेशुद्ध आहे. गाडी येते, डॉक्टर बघतात, माणूस ओट्यावर बसून चहा पितोय. त्या तासाभरात दुसऱ्या कुणाचा फोन आला असेल तर त्याला लांबची गाडी मिळाली. खोटं बोलणारा वाईट असतो असं नाही, बहुतेक वेळा तो हतबल असतो. पण त्याची किंमत ज्याला मोजावी लागते त्याला ते कधी कळतही नाही.

गावानं काय मागायचं

आमदार निधीतून, खासदार निधीतून रुग्णवाहिका मिळते, फीत कापली जाते, फोटो निघतात. पुढं डिझेल कोण भरणार, चालकाचा पगार कोण देणार, हे ठरलेलं नसतं. गाडी काही महिन्यांनी आरोग्य केंद्राच्या मागं झाडाखाली उभी राहते. म्हणून नुसती गाडी मागू नका. मागायचं ते चालतं वेळापत्रक.

ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करावा लागतो. त्यातून साहित्य देता येतं. या निधीतून गाडीभाड्याला मदत करता येईल का, हा विषय ग्रामसभेत लेखी मांडून ग्रामसेवकाकडून उत्तर घ्या. एका ग्रामपंचायतीचा पैसा गाडी चालवायला पुरणार नाही, पण एकाच रस्त्यावरच्या सात-आठ गावांनी मिळून एक भाड्याची गाडी ठरवली तर हिशोब बसतो. दवाखान्याच्या रुग्ण कल्याण समितीकडंही ही मागणी करता येते.

अर्ज मोघम नको. "आमच्या भागात रुग्णवाहिका द्यावी" असं लिहिलं की तो फायलीत जातो. त्यात गावांची नावं क्रमानं लिहा, कोणत्या गावात डायलिसिसचे किती, खुर्चीवरचे किती, अंथरुणाला खिळलेले किती. कोणाला कोणत्या वारी, किती वाजता, कोणत्या दवाखान्यात पोचायचं. एकूण अंतर किती आणि सध्या एका फेरीला घरचे किती भाडं मोजतात. त्याखाली लिहा की गाडी व्हीलचेअर बांधायच्या सोयीची, मागून उतार लावता येणारी पाहिजे आणि सोबत शिकवलेला मदतनीस पाहिजे. ही माहिती आशाताईंकडं गाववार मिळते. अर्जाची एक प्रत वैद्यकीय अधीक्षकांना, एक तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना द्या, आणि पोच घेतल्याशिवाय परत येऊ नका.